पाण्याने काय घोडं मारलंय?

२०२५ मध्ये मौंजारो आणि वेगोव्ही ही वजन उतरवणारी इंजेक्शनं आपल्याकडे रीतसर विकायला आली आणि भूलतज्ज्ञांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक जुना वाद नव्याने पेटला: ऑपरेशनआधी रुग्णाला किती तास उपाशी ठेवायचं? ही औषधं जठर रिकामं होण्याचा वेग मंदावतात, त्यामुळे रात्रभर काही न खाल्लेल्या माणसाच्या पोटातही सकाळी आदल्या दिवशीचं जेवण सापडू शकतं. बातमी खरी आहे. तिच्यावरून एका गटाने लगेच जाहीर केलं की बघा, आमचे सर सांगायचे तेच बरोबर, रात्री बारानंतर पाण्याचा थेंबही नाही. दुसऱ्या गटाने, दोन तास आधीपर्यंत पाणी चालतं असं सांगणाऱ्या परदेशी मार्गदर्शक सूचनांच्या पीडीएफ टाकल्या आणि पहिल्यांना जुनाट ठरवून मोकळे झाले. तीन दिवस दोन्हीकडची मंडळी तास मोजत होती. बारा की सहा, सहा की दोन? जसं काही जठर भिंतीवरचं घड्याळ बघून रिकामं होतं.

मी पंचवीस वर्षं भूल देते आहे, तेव्हा माझं म्हणणं आधीच सांगून टाकते. जेवणावरची बंदी आहे तशी राहू द्या, जमलं तर आणखी काटेकोर करा. पाण्यावरची बंदी उठवा. आणि ‘रात्री बारानंतर काही नाही’ हे वाक्य केसपेपरवरून खोडून टाका. ते एकाच दमात काहींना विनाकारण तहानेने कासावीस करतं आणि काहींना भरल्या पोटी टेबलवर पाठवतं. मी स्वतः हे वाक्य हजारो वेळा लिहिलं आहे, म्हणून बोलायचा अधिकार थोडा जास्तच आहे.

आता समोरच्यांची बाजू, कारण ती फुसकी नाही. जागेपणी भाताचं एक शीत वाट चुकून श्वासनलिकेकडे वळलं तरी जोराचा ठसका लागतो. भुलीत तो ठसका नसतो. पोटातलं वर आलं तर ते थेट फुप्फुसात उतरतं, आणि जठरातलं आम्ल तिथे काय करतं हे एकदा पाहिलेला माणूस विसरत नाही. मी पाहिलं आहे. मास्कच्या पारदर्शक प्लास्टिकवर आतून हिरवट पाणी चढत गेलं, सक्शनची नळी तोंडात जाईपर्यंत पाचसहा सेकंद गेले असतील, आणि त्या पाचसहा सेकंदांची किंमत त्या तरुणाने नऊ दिवस व्हेंटिलेटरवर मोजली. भूलशास्त्रातला पहिला नोंदलेला मृत्यू घ्या. १८४८ साली इंग्लंडात न्यूकॅसलजवळ हॅना ग्रीनर नावाची पंधरा वर्षांची मुलगी पायाच्या बोटाचं नख काढायला क्लोरोफॉर्म देताना गेली. तिला शुद्धीवर आणायला तोंडात पाणी आणि ब्रँडी ओतली होती, आणि ती क्लोरोफॉर्मने गेली की त्या घोटाने गुदमरून, यावर अजून एकमत नाही. ब्रिटनमध्ये भुलीदरम्यानच्या श्वासमार्गाच्या गंभीर अपघातांची वर्षभर देशव्यापी नोंद ठेवली गेली. २०११ साली तिचा अहवाल आला, तेव्हा भुलीशी निगडित मृत्यूंचं सगळ्यांत मोठं एकटं कारण हेच निघालं: पोटातलं फुप्फुसात जाणं. म्हणून कुणी ‘उगाच घाबरवता’ म्हणालं की मला राग येतो. भीती खरी आहे.

पण भीती खरी म्हणून तिच्या नावावर केलेला प्रत्येक नियम खरा ठरतो का?

मूळ पुरावाच पाहू. न्यूयॉर्कच्या लाइंग-इन रुग्णालयातले प्रसूतितज्ज्ञ कर्टिस मेंडेलसन यांनी १९४६ साली एक निबंध लिहिला आणि जगभरच्या उपाशी ठेवण्याचा उगम त्या निबंधात सांगितला जातो. १९३२ ते १९४५ या काळातल्या ४४,०१६ गर्भवतींपैकी ६६ जणींच्या फुप्फुसात पोटातलं गेलं. मृत्यू दोन, आणि दोन्ही घन अन्नाने श्वास कोंडून. नुसत्या पातळ द्रवाने एकही नाही. शिवाय तो काळ कसला? तोंडावर ईथरचा मास्क, श्वासनलिकेत नळी नाही, भूल द्यायला बहुधा शिकाऊ डॉक्टर. या निबंधातून जगाने धडा काढला तो पाण्यालाही बंदीचा. त्याच्या साठ वर्षं आधी, १८८३ मध्ये, जोसेफ लिस्टर यांनी मात्र फार साधी गोष्ट सांगून ठेवली होती. क्लोरोफॉर्म देताना जठरात घन काही नसावं, पण सुमारे दोन तास आधी कपभर चहा पाजणं हितकारक. निर्जंतुक शस्त्रक्रियेचा हा जनक दोन ओळींत अन्न आणि पाणी वेगळं करतो, आणि पुढची पिढी ते पुन्हा एकत्र कालवते.

पुढची गंमत तर विचारू नका. पोटात २५ मिलिलिटरपेक्षा जास्त द्रव आणि त्याची आम्लता अमुक इतकी, म्हणजे रुग्ण धोक्यात, हे आम्ही पाठ करून परीक्षा दिल्या. १९७४ मध्ये रूढ झालेल्या या आकड्यामागे होतं एक माकड. एकच. त्याच्या फुप्फुसात थेट आम्ल सोडलं आणि त्या मात्रेचा माणसाच्या वजनाशी गुणाकार केला. जठरात २५ मिलिलिटर असणं आणि फुप्फुसात २५ मिलिलिटर जाणं यात काही फरक असतो, हे कुणाला सुचलं नसेल का? सुचलं, पण आकडा छान सुटसुटीत होता. उपाशी माणसाचं जठर स्वतःच रस पाझरत असतं, त्यामुळे त्या मोजमापाने निम्मे निरोगी रुग्ण ‘धोक्यात’ निघायचे आणि तरी सुखरूप घरी जायचे. १९८६ मध्ये कॅनडात माल्टबी आणि सहकाऱ्यांनी ऑपरेशनच्या दोन-अडीच तास आधी रुग्णांना १५० मिलिलिटर पाणी दिलं, आणि त्यांच्या पोटात उपाशी राहिलेल्यांपेक्षा जास्त द्रव सापडला नाही, उलट कमीच. साधं पाणी निम्मं खाली उतरायला दहा ते वीस मिनिटं लागतात. ते जाताना थोडं आम्लही घेऊन जातं. नॉर्वेने १९९३ मध्येच राष्ट्रीय पातळीवर नियम सैल केले, अमेरिकन भूलतज्ज्ञ संघटनेने १९९९ मध्ये, आणि आपल्या भारतीय भूलतज्ज्ञ संघटनेच्या २०२० च्या सूचनाही मोठ्या माणसांसाठी हेच सांगतात: स्वच्छ द्रव दोन तास आधीपर्यंत, हलका आहार सहा तास. म्हणजे ज्याला आपण ‘परदेशी फॅड’ म्हणतो, ते घरच्याच कागदावर छापलेलं आहे.

धोका किती, याचाही अंदाज हवा. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या नोंदी १९९३ मध्ये प्रसिद्ध झाल्या. २,१५,४८८ वेळा दिलेल्या पूर्ण भुलीत हा प्रकार ६७ जणांना झाला, म्हणजे साधारण ३,२१६ मध्ये एक. त्यातल्या ४२ जणांना त्यानंतर काहीही त्रास झाला नाही. आणि तातडीच्या ऑपरेशनांत हे प्रमाण ठरवून केलेल्यांच्या चौपटीहून जास्त होतं. इथे थांबून विचार करा. अपेंडिक्स फुटलेला, आतडं अडकलेला, अपघातात सापडलेला माणूस कितीही तास उपाशी ठेवा, त्याचं जठर वेदनेने आणि आजाराने ठप्प झालेलं असतं. त्याला बारा तास वाचवत नाहीत. त्याला वाचवतो तो भूल देणारा, जो ओळखतो की या माणसाचं पोट भरलेलंच धरायचं, आणि त्याप्रमाणे पटकन नळी टाकतो. ब्रिटनच्या त्या अहवालातही हीच खंत आहे. बहुतेक रुग्णांत धोक्याची लक्षणं आधीपासून होती, ती कुणी पाहिली नाहीत किंवा पाहूनही भुलीची पद्धत बदलली नाही. तो अहवाल आमच्यावर बोट ठेवतो, आणि आम्ही पेशंटचा पाण्याचा तांब्या काढून घेतो.

मुलांचं तर आणखी स्पष्ट आहे. स्वीडनमधल्या उप्सालाच्या रुग्णालयात मुलांना ओटीत, म्हणजे ऑपरेशन थिएटरमध्ये, बोलावणं येईपर्यंत पाणी, सरबत प्यायची मुभा असते. २०१५ मध्ये त्यांनी १०,०१५ मुलांचा हिशेब मांडला: फुप्फुसात गेल्याचे प्रसंग तीन, मृत्यू शून्य. २०१८ पासून युरोपातल्या बालभूलतज्ज्ञांच्या संघटना एक तासावर आल्या. ज्यांनी तहानलेल्या, रडून घामाघूम झालेल्या दोन वर्षांच्या पोराच्या हातावर शीर शोधली आहे, त्यांना या आकड्यांची फार गरज वाटू नये.

आता इंजेक्शनांकडे येऊ. सगळ्यांत खमंग युक्तिवाद हाच आहे: ‘नवीन औषधांमुळे आता दोन तासांचा नियम धोक्याचा, चला परत बारावर.’ ह्यूस्टनमध्ये झालेल्या आणि २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत १२४ रुग्णांच्या जठराची भुलीआधी सोनोग्राफी केली. ही औषधं घेणाऱ्या ६२ पैकी ५६ टक्के जणांच्या पोटात चिंता वाटावी इतकं काही शिल्लक होतं. न घेणाऱ्या ६२ मध्ये १९ टक्के. आकडा दचकवणारा आहे, मान्य. पण हे सगळे रुग्ण नियमाप्रमाणे उपाशी राहिलेलेच होते! म्हणजे या पाहणीने नापास कुणाला केलं? घड्याळाला. रात्री दहाला खाल्लेली पुरणपोळी सकाळी दहाला जठरात बसून असेल, तर पहाटे पाच वाजता नाकारलेल्या घोटभर पाण्याचा त्या पुरणपोळीवर काय परिणाम होणार? इलाज दुसरीकडेच आहे. अमेरिकन संघटनेने जून २०२३ मध्ये आठवड्याचं इंजेक्शन एक आठवडा आधी थांबवायला सांगितलं होतं. सेमाग्लुटाइडचं (वेगोव्हीतलं औषध हेच) अर्धं औषध शरीरातून जायलाच जवळपास आठवडा लागतो, त्यामुळे तो सल्ला तसा लंगडाच होता. ऑक्टोबर २०२४ मध्ये पाच संघटनांनी मिळून तो सुधारला: बहुतेकांनी औषध चालू ठेवावं, ज्यांचा डोस नुकताच वाढवला आहे किंवा ज्यांना मळमळ, पोट गच्च वाटणं असे त्रास आहेत त्यांनी आदल्या दिवशी चोवीस तास फक्त पातळ आहारावर राहावं, आणि शंका असेल तर जठराची सोनोग्राफी करावी. नव्या औषधाने आणलेलं उत्तरसुद्धा ‘पातळ घ्या’ असंच आहे. बाराचा काटा त्यात कुठेच नाही.

इथवर कागदावरची लढाई. खरा पेच वॉर्डातला आहे, आणि तिथे माझे विरोधक माझ्यापेक्षा जास्त अनुभवाने बोलतात. ते म्हणतात, ‘मॅडम, आपल्या लोकांना बारीकसारीक सांगून चालत नाही. काही नाही म्हणजे काही नाही, एवढंच कळतं.’ खोटं नाही. एका गुरुवारी पित्ताशयाची केस होती. बाईंना विचारलं, ‘उपाशी आहात ना?’ ‘हो हो, काल रात्रीपासून अन्नाचा कण नाही.’ सलाईन लागलं, मॉनिटर लागला. मास्क हातात घेतला आणि बोलता बोलता सहज विचारलं, ‘गुरुवार धरता का?’ तर म्हणाल्या, ‘अठरा वर्षं झाली. आजसुद्धा मोडला नाही. पहाटे उठून वाटीभर खिचडी केली, तेवढीच.’ साबुदाणा, दाण्याचं कूट, तूप, बटाटा. आणि त्या अजिबात खोटं बोलत नव्हत्या. आपल्या भाषेत उपवासाचं ते अन्नच नव्हे! केस पुढे ढकलली. सर्जन आठवडाभर माझ्याशी तुटक बोलत होते.

पण ही गोष्ट कुणाच्या बाजूची? ‘बारानंतर काही नाही’ हे त्या बाईंना सांगितलेलंच होतं. केसपेपरवर लाल शाईने ‘एनबीएम’ (निल बाय माउथ, म्हणजे तोंडावाटे काही नाही) लिहिलेलं होतं. साधं, सोपं, बारकावे नसलेलं वाक्य, आणि तेच हरलं. कारण आम्ही प्रश्न चुकीचा विचारत होतो. त्या दिवसापासून मी ‘उपाशी आहात का’ विचारणं सोडलं. ‘शेवटचं तोंडात काय घातलं आणि तेव्हा काय वाजले होते’ असं विचारते. उत्तरात चहा निघतो, बिस्कीट निघतं, मिश्री निघते, गोळीबरोबर घेतलेलं दूध निघतं. (दुधाचा चहा पाण्यात धरायचा नाही. जठरात दूध फाटतं, गोळे होतात. कोरा चहा चालतो, नारळपाणी चालतं. ग्लासाखाली वर्तमानपत्र धरून अक्षरं वाचता आली तर ते ‘स्वच्छ द्रव’, इतकं सोपं आहे.) आणि ज्याला पाणी प्यायची परवानगी असते, तो खाल्ल्याचं लपवत नाही. पाण्यालाही बंदी असली की माणूस बेसिनच्या नळाला तोंड लावून येतो आणि ओठ पुसत ‘काही नाही घेतलं’ म्हणतो. न पाळता येणारा नियम आधी खरं बोलायची सवय घालवतो.

लोकांना बारकावे कळत नाहीत, हे वाक्य आपण आधीही ऐकलं आहे. जुलाब लागलेल्या लेकराला पाणी देऊ नये, पोट आणखी सुटेल, असं पिढ्यान्‌पिढ्या घराघरांत म्हणत आले, आणि डॉक्टर सलाईनशिवाय उपचार नाही असं म्हणत होते. १९७१ मध्ये बांगलादेशाच्या निर्वासितांत कॉलरा पसरला, बनगावच्या छावणीत सलाईन संपलं, आणि डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, सोडा आणि ग्लुकोज घातलेलं पाणी पिंपांत भरून नातेवाइकांच्या हाती दिलं. मृत्यूचं प्रमाण तिशीतून चार टक्क्यांखाली आलं. ते पाणी पाजत होते आई, बहीण, नवरा. त्यांना कुणी पदवी दिली नव्हती. पुढे जलसंजीवनीची कृती या देशातल्या निरक्षर बायांनी चिमूट आणि मूठ मोजून पाठ केली. ज्या समाजाला मिठाची चिमूट समजली, त्याला ‘भाकरी नको, पाणी चालेल’ एवढं समजणार नाही?

‘सलाईन लावतो ना आम्ही!’ हा दुसरा ठरलेला जवाब. लावता, पण कधी? रुग्ण ओटीच्या दारात आल्यावर. वॉर्डात तो कोरडाच असतो. आणि सलाईनने रक्तदाब सावरतो, जीभ टाळूला चिकटलेली असते ती सुटत नाही. गावाकडचा सत्तरीचा शेतकरी आठवा. तो बारापर्यंत जागत नाही. सातला भाकरी खाऊन, साडेसातला तांब्याभर पाणी पिऊन आडवा होतो. बारा म्हणजे त्याचे सात. त्याचं ऑपरेशन यादीत चौथं, मध्ये एक तातडीचं सिझेरियन घुसतं, आणि दुपारी अडीचला तो माझ्यासमोर येतो तेव्हा एकोणीस तास झालेले असतात. भूल देताच रक्तदाब धाडकन खाली. संध्याकाळी तो बरळायला लागला की नातेवाईक म्हणतात, ‘भुलीने म्हाताऱ्याचं डोकं फिरवलं.’ भुलीने थोडं फिरवलंही असेल. पण एकोणीस तास पाण्याविना कुणाचं डोकं जागेवर राहतं?

बाराच्या नियमाचं खरं कारण पोटात नाही, यादीत आहे. सगळे उपाशी असले की कुणालाही कधीही आत घेता येतं. सर्जन लवकर आले, एखादी केस रद्द झाली, वीज गेली-आली, यादी खालीवर करा. लहान गावांत भूलतज्ज्ञ चार नर्सिंग होम फिरतो, पोचेल तेव्हा पोचेल. मीही तशीच फिरले आहे. ही अडचण खरी आहे आणि तिच्याबद्दल प्रामाणिकपणे बोलायला हवं. पण मग तसं बोलूया: ‘आमच्या वेळेचा भरवसा नाही म्हणून तुम्ही तहानलेले राहा.’ हे वाक्य नोटीस बोर्डावर लावायची कुणाची तयारी आहे? ब्रिटनमधल्या बऱ्याच रुग्णालयांनी यातून सोपी वाट काढली आहे. आत बोलावेपर्यंत पाण्याचे लहान लहान घोट चालू ठेवायचे. मग यादी कितीही सरकली तरी बिघडत नाही. ज्यांचं जठर मंद आहे, म्हणजे तातडीच्या केसेस, आतड्याचा अडथळा, जुना मधुमेह, ही इंजेक्शनं, त्यांची नावं वेगळी काढायची आणि त्यांचा निर्णय भूलतज्ज्ञाने घ्यायचा. इतपत दूर लगेच जायचं नसेल तर निदान दोन तासांचा नियम तरी पाळा. दुपारच्या केसेसना सकाळी सहाला हलका नाश्ता आणि पुढे पाणी, एवढ्याने निम्मा वॉर्ड माणसात येतो.

राहता राहिला खटल्याचा धाक. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९५ च्या निकालाने वैद्यकीय सेवा ग्राहक संरक्षण कायद्याखाली आली आणि तेव्हापासून ‘पाणी कुणी पाजलं?’ हा प्रश्न प्रत्येक सिस्टरच्या मानेवर बसलेला आहे. तिला दोष देण्यात अर्थ नाही. पण स्वतःच्याच राष्ट्रीय संघटनेच्या लेखी सूचना असताना त्याच्या उलट वागून माणसाला एकोणीस तास कोरडं ठेवणारा डॉक्टर उद्या कोर्टात कशाच्या आधाराने उभा राहणार? सिस्टरला संरक्षण हवं तर ते लेखी ऑर्डरने मिळतं. ‘पाणी दोन तास आधीपर्यंत, एका वेळी अर्धा ग्लास’, खाली माझी सही.

तशी ऑर्डर लिहायला सुरुवात केली, त्या पहिल्याच दिवशी वॉर्डातून फोन आला. ‘मॅडम, सात नंबरच्या आजोबांच्या पेपरवर तुम्ही पाणी लिहिलंय. चुकून ना?’ म्हटलं, नाही, मुद्दाम. पलीकडे जरा वेळ कुणी बोललं नाही. मग सिस्टर मावशींना हाक मारताना ऐकू आल्या, आणि मागून आजोबांचा खणखणीत आवाज: ‘अर्धा कशाला, पुरा भरून आण की!’